सिली मिस्टेक म्हणे!

शाळेतून तपासून आलेल्या इंग्रजीच्या वह्या बघितल्या की माझं डोकंच सणकतं. पोरांवर नाही, तपासणाऱ्यांवर!

‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मधला तोच तो प्रश्न. ‘द बॉय वन द प्राइज. ही इज माय कझिन.’ ‘हू’ वापरून वाक्यं जोडा. पोरगं लिहितं, ‘द बॉय हू वन द प्राइज ही इज माय कझिन.’ झालं! ‘ही’वर लाल फुली, अर्धा मार्क गुल आणि बाजूला शेरा: ‘सिली मिस्टेक’. अहो, दरवर्षी नवी बॅच येते आणि तीच चूक करते, ती सिली कशी?

याच पोरांकडून मराठीच्या तासाला घोकून घेतलंय की ‘जो’ हे संबंधी सर्वनाम, आणि ‘जो’ आला की मागून ‘तो’ येणार. जे चकाकते ते सोने नसते. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. ‘तळे राखील तो पाणी चाखील’मध्ये तर ‘जो’ गाळला तरी चालतं, ‘तो’ जागचा हलत नाही. म्हणजे पोरानं ‘ही’ लिहिला तो मराठी पक्कं आहे म्हणून! इंग्रजीत ‘द बॉय हू वन द प्राइज’ हा अख्खा गठ्ठाच ‘इज’चा कर्ता असतो, म्हणून ‘ही’ला तिथे जागा नाही. ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ फळ्यावर लिहा, खाली मराठी म्हण लिहा, त्यातल्या ‘ते’ला गोल करा आणि विचारा, वरच्या ओळीत हा कुठे गेला? पाच मिनिटांचं काम. पण मराठीचा तास वेगळा, इंग्रजीचा वेगळा, दोघांची तोंडं दोन दिशांना.

बरं, ‘द पेन व्हिच आय बॉट इट इज लॉस्ट’ ही चूक निराळी. इथे मराठीचा काही दोष नाही. ‘आय बॉट इट’ हे वाक्य आहे तसं उचलून पुढे ‘व्हिच’ चिकटवलंय. ‘इट’चं काम आता ‘व्हिच’ करतोय, म्हणून ‘इट’ जायला हवा, हे कुणी सांगितलेलंच नसतं. यालाही तीच फुली, तोच शेरा. कारण गाइडमध्ये काय, तर माणसाला ‘हू’, वस्तूला ‘व्हिच’. संपला धडा!

आणि क्लासवाल्यांचा सगळा जीव ‘हूम’मध्ये, म्हणजे ‘हू’च्या कर्म म्हणून येणाऱ्या रूपात, अडकलेला. ‘हूम’ लिहिलं की इंग्रजी भारी, असा समज. त्या नादात पोरं ‘द मॅन हूम आय थिंक इज ऑनेस्ट’ लिहायला लागतात. तिथे ‘आय थिंक’ नुसतं मध्ये घुसलंय हो, ‘इज’चा कर्ता ‘हू’च लागतो! पण ते समजावत बसायला वेळ कुणाला? पोर्शन संपवायचाय.

परवा एका पोराच्या डायरीत पालकसभेची छापील नोटीस आली. ‘पेरेंट्स हू आर अटेंडिंग द मीटिंग दे शुड ब्रिंग द डायरी.’ मी ‘दे’ खोडून पाठवला, तर निरोप काय आला? ‘अर्थ कळतोय ना, मग झालं.’

मग पोरांचा अर्धा मार्क कशाला कापता?