बार्बरा जॉर्डनची ‘आरती’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

टेक्सासच्या कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा जॉर्डन यांच्यावर मी लेख लिहिला होता, त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा गाभा आधी इथे देतो, म्हणजे इतरांना संदर्भ लागेल. तुम्ही लिहिलंय: ‘हा लेख नव्हे, आरती आहे. बाई लिंडन जॉन्सनच्या मर्जीतल्या. स्वतःसाठी मतदारसंघ आखून घेतला, लाचेच्या खटल्यात जॉन कॉनलीच्या बाजूने साक्ष दिली, आणि शेवटी शेवटी आपल्या भावाबहिणींना अमेरिकेत येऊ देऊ नका असा अहवाल दिला. एका भाषणावर किती दिवस जगणार?’

सुरुवात माझ्याच चुकीने करतो, जी तुमच्या नजरेतून सुटली. जॉर्डन या अमेरिकी काँग्रेसमधल्या (म्हणजे तिथल्या संसदेतल्या) पहिल्या कृष्णवर्णीय महिला, असं मी लिहून गेलो. तो मान न्यूयॉर्कच्या शर्ली चिझम यांचा, 1968 च्या निवडणुकीतला. जॉर्डन 1972 मध्ये निवडून आल्या. दक्षिणेकडच्या राज्यांतून गेलेल्या त्या पहिल्या. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता मतदारसंघ. ‘आयता मिळाला’ हा तुमचा सूर 1966 ला लागू होत नाही. जॉर्डन ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डमधल्या. 1962 आणि 1964 मध्ये टेक्सासच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभ्या राहिल्या आणि दोन्हीदा आपटल्या. कारण साधं होतं. हॅरिस काउंटीतल्या जागांसाठी सगळी काउंटी मिळून मतदान करायची, त्यामुळे काळ्या वस्त्यांनी एकगठ्ठा मतं दिली तरी ती त्या समुद्रात विरघळायची. राज्याच्या वरिष्ठ सभागृहाची, म्हणजे सिनेटची, तऱ्हा आणखी वाईट. दहा लाखांवर वस्तीच्या या काउंटीला एकच सिनेटर! 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात हवेत असा निकाल दिला, नकाशा बदलला, आणि 1966 मध्ये राज्याच्या निवडणुकीतला मतदान करही गेला. म्हणजे मत द्यायचं तर आधी पैसे भरा, ही अट गेली. मग त्या जिंकल्या. 1883 नंतर टेक्सासच्या सिनेटमध्ये बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. 31 जणांत एकट्या बाई.

1971 ची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिथे तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी मला मान्य आहे. त्या वेळी मतदारसंघ फेररचनेच्या समितीच्या उपाध्यक्ष त्याच होत्या, ह्यूस्टनमध्ये काँग्रेससाठी सोयीचा नवा मतदारसंघ तयार झाला, आणि त्यांची सिनेटची जुनी जागा मात्र नव्या नकाशात मोडली. कर्टिस ग्रेव्हज हे ह्यूस्टनचेच कृष्णवर्णीय आमदार. त्यांनी हाच आरोप जाहीरपणे केला आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत जॉर्डनविरुद्ध उभेही राहिले. मतदारांनी ग्रेव्हजना झिडकारलं, पण म्हणून आरोप खोटा ठरत नाही. जॉर्डन वॉशिंग्टनला गेल्यावर टेक्सासच्या सिनेटमध्ये पुढचा कृष्णवर्णीय सदस्य यायला 1983 उजाडलं. दहा वर्षं ती जागा रिकामीच राहिली म्हणायची. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

जॉन्सन यांच्या मर्जीबद्दल: हो, होत्या. काँग्रेसच्या न्याय समितीवर जागा मिळावी म्हणून त्यांनी या माजी राष्ट्राध्यक्षांकडे शब्द टाकला आणि जॉन्सननी फोन फिरवले. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. पण वशिल्याने मिळालेल्या खुर्चीवर बसून माणूस काय करतो, हे बघायला नको का? 25 जुलै 1974 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष निक्सनवरच्या महाभियोगाची चर्चा चालू असताना त्याच समितीत त्या जेमतेम तेरा मिनिटं बोलल्या. ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होणारी राज्यघटना 1787 मध्ये पुरी झाली तेव्हा त्या ‘आम्ही’मध्ये मी नव्हते, घटनाकार वॉशिंग्टन आणि हॅमिल्टन यांनी मला चुकून वगळलं असावं असं बरीच वर्षं वाटायचं, अशी त्यांची सुरुवात होती. पुढे आवाज न चढवता त्यांनी महाभियोगाचे निकष आणि निक्सनचं वागणं शेजारी शेजारी ठेवलं. वकिली म्हणून ते वाचण्यासारखं आहे.

पण ‘एकच भाषण’ म्हणताना तुम्ही 1975 विसरता. मतदानातला वांशिक भेदभाव रोखणाऱ्या मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवताना टेक्सासला त्याच्या कक्षेत आणण्यासाठी जॉर्डन झगडल्या. राज्यातल्या पुढाऱ्यांना ते नको होतं. इंग्रजी न येणाऱ्या मतदारांना त्यांच्या भाषेत मतपत्रिका मिळण्याची तरतूद त्याच वेळी आली. टेक्सासमध्ये तिचा फायदा मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांना झाला. आज न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत मतपत्रिका मिळते, ती याच तरतुदीमुळे. (मराठीत नाही. त्यासाठी आधी मोठ्या संख्येने एका काउंटीत राहायला हवं, आणि मग जनगणनेत ‘इंग्रजी येत नाही’ असं कबूल करायला हवं. दुसरं आपल्याच्याने व्हायचं नाही!)

टेक्सासचे माजी गव्हर्नर कॉनली यांच्या साक्षीचं समर्थन मी करणार नाही. कॉनलींवर दूधउत्पादकांकडून दहा हजार डॉलर घेतल्याचा आरोप होता. 1975 मध्ये जॉर्डन चारित्र्याच्या साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या, धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम आणि जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांच्या पंगतीत. कॉनली निर्दोष सुटले. पण गव्हर्नर असताना नागरी हक्कांच्या कायद्याला नाकं मुरडणाऱ्या माणसासाठी फिफ्थ वॉर्डच्या मुलीने शब्द द्यावा, हे मला आजही खटकतं. मूळ लेखात मी हा प्रसंग गाळला. जागा नव्हती असं सांगता येईल, पण खरं कारण म्हणजे तो माझ्या चित्रात बसत नव्हता.

राहिला भावाबहिणींबद्दलचा अहवाल. जॉर्डन काँग्रेस सोडून ऑस्टिनला शिकवत असताना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना स्थलांतर सुधारणा आयोगाचं अध्यक्ष केलं. 1995 च्या शिफारशींत कौटुंबिक व्हिसातला भावाबहिणींचा आणि सज्ञान मुलांचा गट बंद करून नवरा-बायको आणि लहान मुलांची रांग आधी संपवा असं होतं. एकूण आकडाही कमी करायचा होता. आमच्या घरातही मावशीने आईसाठी भरलेला अर्ज वर्षानुवर्षं धूळ खात होता, त्यामुळे तुमचा राग कळतो. पण संपणारच नाही अशी रांग लावून आशा दाखवत राहणं हा तरी कुठला न्याय? 1996 च्या कायद्यात ही कपात आली नाही. तुमचे बंधू त्या गटातूनच आले असतील, तर आनंदच आहे.

त्याच आयोगाच्या अध्यक्ष म्हणून डिसेंबर 1995 मध्ये त्या काँग्रेससमोर पुन्हा आल्या. जन्माने मिळणारं नागरिकत्व काढून घेण्याच्या प्रस्तावाला त्यांनी ठाम विरोध केला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने तोवर त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. 17 जानेवारी 1996 ला त्या गेल्या. जन्माने नागरिकत्व देणाऱ्या ज्या कलमासाठी त्या तेव्हा बोलल्या, त्याच कलमाने ह्यूस्टनमध्ये जन्मलेल्या तुमच्या मुली अमेरिकन आहेत. तो भाग मी मूळ लेखात आता जोडला आहे, कॉनलीच्या साक्षीसकट.