पगार घरी जातो, तो फक्त संस्कारांमुळे नव्हे

गेले काही दिवस गावाच्या, शाळेच्या आणि भावकीच्या अशा तिन्ही ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय. सोबत फिलिपिन्सच्या बँकांच्या जाहिराती जोडून केलेला व्हिडिओ. विमानतळावर आईच्या गळ्यात पडणारी नर्स मुलगी, आजीचा हात उचलून कपाळाला लावणारा नातू, नाताळच्या रात्री जेवणाच्या टेबलावर उभा करून ठेवलेला फोन आणि त्या फोनमध्ये दूरदेशी असलेला बाप. खाली लिहिलंय : 'तिथल्या बँका व्याज नाही, संस्कार देतात. हजारो वर्षांची परंपरा आहे ती. तिथली मुलं कोणी न सांगता पगार घरी पाठवतात. म्हणून तिथं कुटुंब टिकलं आणि आपल्याकडे वृद्धाश्रम वाढले.'

मी रत्नागिरीचा. १९ वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली बहुतेक काँट्रॅक्टं फिलिपिनो क्रूबरोबर. व्हिडिओ पाहून माझेही डोळे भरून आले, ते लपवत नाही. त्या माणसांची माया खरी आहे. पण मजकूर मात्र जवळजवळ ओळीगणिक चुकीचा आहे, आणि ज्यांचं कौतुक करतोय त्यांच्यावरच अन्याय करणारा आहे.

'कोणी न सांगता' इथूनच सुरुवात करू. सांगितलं होतं, आणि ते सरकारनेच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी १९८२ साली कार्यकारी आदेश क्रमांक ८५७ काढला. परदेशात काम करणाऱ्याने कमाईचा ठरलेला हिस्सा बँकेमार्फतच मायदेशी पाठवायचा. घरकाम करणारीने निम्मा, खलाशाने ८० टक्के. पाठवल्याचा पुरावा नसेल तर पासपोर्टचं नूतनीकरण अडायचं. देश परकीय कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता, सरकारला डॉलर हवे होते. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका याविरुद्ध एकत्र आल्या आणि १९८५ मध्ये सरकारला शिक्षेची कलमं मागे घ्यावी लागली. घरी पैसे पाठवायला त्या बायकांचा नकार नव्हताच. किती, कधी आणि कुठल्या वाटेने पाठवायचे हे आमचं आम्ही ठरवू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

खलाशांची सक्ती मात्र सुटली नाही. सरकारने ठरवून दिलेल्या त्यांच्या करारात मूळ पगाराच्या किमान ८० टक्के रक्कम दर महिन्याला घरी पाठवण्याची अट आहे. बोटीवर त्याला अलॉटमेंट म्हणतात. माझ्या करारात असा आकडा कधी नव्हता. घरी किती द्यायचं ते मी ठरवतो.

एका काँट्रॅक्टला माझ्या वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, एक ऑइलर होता, इंजिनाच्या तेलपाण्याचं बघणारा. वयाने मोठा, म्हणून मी त्याला 'कुया' म्हणायचो, म्हणजे दादा. वॉच संपला की मेसमध्ये कॉफी घेऊन बसायचा आणि एक शाळकरी वही उघडायचा. आईचं इन्सुलिन. धाकट्या बहिणीची नर्सिंग कॉलेजची फी. मेव्हण्याच्या ट्रायसिकलचा, म्हणजे तिथल्या रिक्षाचा, हप्ता. घरावरचे पत्रे काढून स्लॅब. प्रत्येक ओळीपुढे आकडा पेसोत, म्हणजे तिथल्या चलनात, त्याच्या बाजूला डॉलरमध्ये, आणि भाव हलला की खोडून पुन्हा नवा. मूळ पगार परस्पर घरी गेलेला असायचा. त्याचा स्वतःचा साबण, सिगारेट आणि फोनचं कार्ड हे सगळं उरलेल्या ओव्हरटाइमवर. बहिणीच्या शेवटच्या वर्षाची फी आली तेव्हा त्याने काँट्रॅक्ट तीन महिने वाढवून घेतलं आणि नाताळ बोटीवरच काढला. माया होती ती, काठोकाठ होती. पण वहीतली एकेक ओळ पुन्हा वाचा. औषध, शिक्षण, कामधंदा, घर. या गोष्टी त्याच्या घरच्यांना गावातल्या कमाईत परवडत असत्या, तर ती वही निम्मी कोरी राहिली असती.

आता 'हजारो वर्षांची परंपरा'. या जाहिरातींच्या मुळाशी एक शब्द असतो, 'उतांग ना लोओब'. उतांग म्हणजे ऋण, लोओब म्हणजे माणसाचं आतलं मन. आतून मानलेलं ऋण. आपल्याकडे मातृऋण, पितृऋण म्हणतात, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द चटकन भिडतो. पण त्याच देशातल्या विर्हिलिओ एन्रिकेझ यांनी १९७०च्या दशकात फिलिपिनो मानसशास्त्राची स्वतंत्र मांडणी केली, तेव्हा असे सुटे शब्द उचलून 'हा बघा फिलिपिनो स्वभाव' म्हणण्यावरच आक्षेप घेतला. त्यांच्या मते गाभ्याचा शब्द 'काप्वा', म्हणजे समोरच्यात आपण आणि आपल्यात समोरचा. म्हणजे ऋण दोन्हीकडून. एका मुलाने आयुष्यभर फेडत राहायचं आणि बाकीच्यांनी मोजून घ्यायचं, असा काही त्याचा अर्थ नाही. आणि एक मूल परदेशी धाडून त्याच्यावर अख्खं घर चालवण्याची रीत तर हजार वर्षांची मुळीच नाही. कामगार परदेशी पाठवणं हे सरकारचं अधिकृत धोरण झालं ते १९७४च्या कामगार संहितेपासून. माझ्या कुयाच्या आजोबांना ही परंपरा ठाऊकच नव्हती.

'व्याज नाही, संस्कार' यातला पहिला अर्धा भाग मात्र अक्षरशः खरा आहे. तिथल्या मोठमोठ्या बँकांच्या साध्या बचत खात्यावर वर्षानुवर्षं ०.०६२५ टक्के व्याज मिळत आलंय. आकडा चुकून लिहिलेला नाही. १ लाख पेसो वर्षभर ठेवले तर साडेबासष्ट पेसो, त्यातून २० टक्के कर कापून हातात ५०. २०२३ मध्ये महागाई ६ टक्के होती, म्हणजे त्याच लाखाची किंमत साधारण ६ हजारांनी घटली. २०२४ मध्ये परदेशातल्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मायदेशी पाठवली, त्यात खलाशांचे ६ अब्जांहून जास्त. त्यातल्या बऱ्याचशा पैशावर पाठवणीचं शुल्क किंवा डॉलरचा पेसो करतानाचा फरक कुणाच्या तरी पदरात पडतो. आजीचा हात कपाळाला लावणारा नातू जाहिरातीत असतो तो या धंद्यासाठी. धंदा करण्यात गैर काही नाही. पण त्याला संस्कारवर्ग समजू नका.

आणि बँकांचा हा आधार पोचतो तरी किती जणांपर्यंत? मध्यवर्ती बँकेच्याच पाहणीनुसार २०२१ मध्ये ५६ टक्के प्रौढांचं खातं होतं. बाकीच्यांचं 'पालुवागान'वर भागतं, म्हणजे थेट आपली भिशी. नाहीतर 'फाइव्ह-सिक्स'. पाच घ्यायचे, सहा फेडायचे. हे पैसे दारोदार फिरून देणारे सावकार बहुतेक भारतीय, मुख्यतः पंजाबी, पण तिथं त्यांना म्हणतात 'बुंबाय'. आपल्या मुंबईच्या नावावरून पडलेला शब्द आहे तो. मला हे बोटीवर कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं.

'कुटुंब टिकलं' म्हणणाऱ्यांनी तो टेबलावरचा फोन पुन्हा एकदा बघावा. बाप घरात नाही, म्हणून तो फोन आहे. शिवाय, मुलं आपणहून सांभाळतात तर मग कायदा कशाला लागतो? १९८७च्या तिथल्या कौटुंबिक संहितेत कलम १९५ नुसार आईबाप आणि मुलांनी एकमेकांचा सांभाळ करणं बंधनकारक आहे. तरीही २०२५ मध्ये सिनेटर पानफिलो लॅक्सन यांनी मुलांवर ही जबाबदारी टाकणारं वेगळं विधेयक आणलं आणि तरुण फिलिपिनो खवळून उठले. आम्ही आईबापांची पेन्शन योजना म्हणून जन्मलो का, हा प्रश्न ते उघडपणे विचारतात. त्यांना संस्कारहीन म्हणायची माझी तयारी नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे कुयासारखी वही असणार.

राहिले आपले वृद्धाश्रम. माझे आजोबा गिरणीत होते, दर महिन्याला मनीऑर्डर यायची. अख्खं कोकण त्यावर जगत होतं. आजी अंगठा उठवून पैसे घ्यायची आणि आधी दुकानदाराची उधारी चुकती करायची. आमच्या दोन खाचरांतला भात चार महिनेसुद्धा पुरत नव्हता, म्हणून आजोबा मुंबईत एका खोलीत पंधरा जणांत झोपत होते. त्यांना कोणी गावात राहून पोट भरायचा पर्याय दिला असता तर त्यांनी तो आनंदाने घेतला असता. आज पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरीला हा व्हिडिओ पाठवून 'शिक काहीतरी' म्हणणाऱ्या काकांना मी एवढंच विचारलं, की तिच्या वहीत काय काय आहे ते तुम्ही कधी विचारलंत का.

व्हिडिओतली सगळ्यात लाडकी जाहिरात विमानतळावरच्या मिठीवर संपते. फिलिपिनो खलाशाला पगार मिळतो तो काँट्रॅक्ट चालू असेपर्यंतच. साइन ऑफ करून घरी आला की बंद. कुया घरी गेला, बहिणीचा पदवीदान समारंभ बघितला, स्लॅब टाकून घेतला. दोन महिन्यांनी त्याचा मेसेज आला, मनिलाच्या कलाव रस्त्यावरून. तिथं फुटपाथवर बोटींना माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग एजन्सींचे लोक पाट्या घेऊन उभे असतात, कुठल्या बोटीला कोण हवंय ते लिहिलेलं. त्याने फोटो पाठवला होता आणि विचारलं होतं, तुमच्या कंपनीत ऑइलरची जागा आहे का.