‘नवे सेल टाकले तरी ट्रिगर चुकतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, त्यामुळे दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं: ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून लांबच्या फ्लॅशला रेडिओ सिग्नलने उडवणारं छोटं यंत्र) चुकला की आधी सेल तपासा हा माझा सल्ला म्हणजे पळवाट, नवे अल्कलाइन सेल टाकले, पडद्यावर बॅटरी फुल्ल दिसते, तरी मधूनच एखादा फोटो काळा येतो. वर, रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असताना मी ते सुचवतोच कसा?

आधी १.२ चं बघू, कारण तिथे तुमचा हिशेब चुकतोय. अल्कलाइनवर १.५ छापलेलं असतं, पण वापर सुरू झाला की त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि निम्म्या वाटेवर तोही १.२ च्या आसपासच येतो. निकेल-मेटल हायड्राइड सेल चार्जरमधून निघताना १.४ च्या जवळ असतो, मग बराच काळ १.२ ला टिकून राहतो आणि अगदी शेवटी कोसळतो. जो ट्रिगर १.२ वर चालत नाही, तो अल्कलाइनही अर्धेच वापरून फेकायला लावेल. गोंधळ होतो तो पडद्यावरच्या चिन्हाचा: ते बहुधा अल्कलाइनच्या उतारावर बेतलेलं असतं, म्हणून भरलेले रिचार्जेबलही त्याला अर्धे रिकामे वाटतात.

हेच चिन्ह उलट्या बाजूनेही फसवतं. ट्रिगर नुसता चालू असताना जेमतेम करंट घेतो, त्यामुळे थकलेला सेलही तेव्हा ठीक दिसतो. टाकी भरलेली, पण नळ चोंदलेला, तसं. शटर दाबल्यावर रेडिओ सिग्नल जाताना करंटची मागणी क्षणभर वाढते, सेलच्या आतल्या रोधामुळे व्होल्टेज खाली बसतो, आणि सिग्नल कमजोर जातो किंवा जातच नाही. पुढच्याच क्षणी चिन्ह पुन्हा फुल्ल! मल्टीमीटरही नुसता सेलला लावला तर हीच थाप मारतो. सेलच्या दोन टोकांमध्ये १० ओहमचा रेझिस्टर धरा (साधारण दीडशे मिलीॲम्पियर करंट वाहील) आणि तो असतानाच व्होल्टेज वाचा. ताजा अल्कलाइन १.४ च्या वर राहायला हवा. १.१ च्या खाली गेला तर पाकीट कालच फोडलेलं असलं तरी तो सेल बाद.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. नवे सेल तुम्ही ट्रिगरमध्ये टाकले. फ्लॅशमध्ये कधी बदलले होते? त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही, आणि माझा संशय तिथेच आहे. ट्रिगरची भूक किरकोळ असते. फ्लॅश मात्र आतला कपॅसिटर (झोतासाठी वीज साठवणारा भाग) भरताना कित्येक ॲम्पियर ओढतो. तिथले सेल थकले की फ्लॅश भरायला वेळ लागतो. त्याआधीच पुढचा फोटो काढलात की सिग्नल व्यवस्थित पोचूनही फ्लॅश उडत नाही किंवा अर्धवट उडतो. शिव्या मात्र ट्रिगर खातो.

दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. फ्लॅश लांब ठेवल्यावर चुकतो आणि जवळ आणला की चालतो, तर ट्रिगरकडची बाजू बघा. अंतर कितीही असो, पण भराभर फोटो काढताना चुकतो आणि थांबून-थांबून काढले की चालतो, तर फ्लॅशचे सेल. थोड्या विश्रांतीनंतरचा पहिलाच फोटो काळा येत असेल तर फ्लॅश झोपी जातोय, त्याचा ऑटो-स्लीप बंद करा.

फ्लॅशचे चारही सेल एकदम बदला. तीन ताजे आणि एक जुना असं करू नका. जुना आधी संपतो, उरलेले तीन त्यातून करंट ढकलतच राहतात आणि त्याचा व्होल्टेज उलटा होतो. सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी दिसली तर कापसाला किंचित व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या.

हल्ली १.५ व्होल्टचे लिथियम रिचार्जेबल मिळतात, तेही कुणी सुचवेल. त्यांच्या आतलं सर्किट शेवटपर्यंत १.५ देतं आणि मग एकदम बंद पडतं, म्हणजे चिन्ह फुल्ल दाखवत असतानाच ट्रिगर मरतो. मी ते वापरत नाही.

हे सगळं करूनही ट्रिगरच्या टेस्ट बटणावर दर वेळी फ्लॅश उडतो आणि शटरवरच चुकतो असं निघालं, तर सेल निर्दोष. मग ट्रिगर हॉट शूमध्ये (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) पूर्ण सरकलाय का, आणि कॅमेऱ्याचं सायलेंट शटर चालू राहिलंय का, ते पाहा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते चालू असलं की फ्लॅशला इशाराच जात नाही.