र. धों. कर्वे आपण अर्धेच घेतले

14 जानेवारीला संक्रांतीच्या शुभेच्छांच्या गर्दीत रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या जयंतीच्या दोन-चार पोस्टी दिसतात. 'कुटुंबनियोजनाचे आद्य प्रवर्तक', खाली जोडलेले हात, संपलं. खोटं काहीच नाही त्यात. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमधलं मेरी स्टोप्सबाईंचं केंद्रही त्याच वर्षातलं. म्हणजे ज्या इंग्रजांचं राज्य होतं, त्यांच्याकडेही हे काम नुकतंच सुरू होत होतं.

तरीही मला ती ओळख दरवर्षी खटकते. 1931 आणि 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले आणि दोन्ही वेळा त्यांना दंड भरावा लागला. त्यातला एकही खटला संततिनियमनाबद्दल नव्हता. माणसाला शरीरसुख हवं असतं, ते बाईलाही हवं असतं आणि त्याबद्दल खरी माहिती मिळणं हा तिचा हक्क आहे, असं ते मराठीत, नावानिशी, महिन्याच्या महिन्याला छापत होते. दंड झाला तो या लिखाणापायी. जयंतीच्या पोस्टीत नेमकं हेच नसतं.

1882 चा जन्म. अण्णासाहेब म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. आई राधाबाई बाळंतपणात गेली, तेव्हा हे नऊ वर्षांचे. पुढे मॅट्रिकला पहिले आले, गणित शिकले, त्याच विषयासाठी पॅरिसला जाऊन आले, मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. कॉलेज मिशनऱ्यांचं. संततिनियमनाचा प्रचार की नोकरी, असा प्रश्न आल्यावर 1925 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. प्राध्यापकी सोडून आयुष्यभर ओढाताण पत्करणं म्हणजे काय, हे पगारावर घर चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

त्या काळी या विषयावर बोलणारे ते एकटेच होते असं नाही. संततिनियमनाची बाजू मांडणारे इतरही होते. ना. सी. फडक्यांनी 1927 मध्ये इंग्रजीत यावर पुस्तक लिहिलं, पण त्यांचा भर होता सुप्रजननावर: संतती सुदृढ हवी, राष्ट्र बलवान हवं. दुसऱ्या बाजूला वीर्यनाश म्हणजे मृत्यू असं सांगणारी ब्रह्मचर्याची पुस्तकं घरोघरी पोचत होती. गांधीजींना कृत्रिम साधनं मान्य नव्हती, संयम हाच त्यांचा उपाय होता. या सगळ्यांत कर्व्यांचा सूर वेगळा ऐकू येतो. शरीराची भूक ही भूकच आहे, ती भागवताना रोग होऊ नये, नको असलेलं मूल होऊ नये आणि कुणावर जबरदस्ती होऊ नये. एवढं सांभाळलं की दोन माणसांच्या मधे समाजाने पडायचं कारण नाही, असं ते रोखठोक लिहीत. आज लिहिलं तरी कमेंट्समध्ये काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जुलै 1927 मध्ये त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र, आत रोग, आहार, विवाह, वेश्याव्यवसाय, धर्म अशा सगळ्यावर लेख. 1931 मधला पहिला खटला 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून झाला. शंभर रुपये दंड.

1934 चा खटला मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तो लेखावर नव्हताच. तो होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. लोक पत्रं पाठवायचे. हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, घरात कुणाला विचारता येणार नाही अशा गोष्टींबद्दल. कर्वे त्यांना साधं, शास्त्राला धरून उत्तर द्यायचे. घाबरवणं नाही, उपदेश नाही. त्यासाठी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं आणि वकीलपत्र घेतलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1934 साली बाबासाहेबांच्या डोक्यावर काय काय होतं ते आठवून बघा. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. तरी मराठीतल्या एका छोट्या मासिकासाठी ते कोर्टात उभे राहिले. ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढे 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. या दोघांचं हे नातं आपल्या शाळांमधून का सांगितलं जात नाही, हे मला खरंच समजत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या भाग 2 मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' धड्यात प्रजनन येतं. तो धडा झाला की मी मुलांना नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला सांगते. वहीच्या पानाचा कोपरा फाडलेला, आठ घड्या घातलेल्या, पेन इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या बाजूला अक्षर उमटलंय. 'हाताने केल्याने अशक्तपणा येतो का?' 'पाळी चुकली म्हणजे नक्की दिवस गेले का?' 'मला मुलगा असून मुलगा आवडतो, हा रोग आहे का?' हे प्रश्न वाचताना मला 'समाजस्वास्थ्य' आठवतं. नव्वद वर्षांत मोबाइल आला आणि त्याच्यावर नको ते सगळं आलं. मुलांना उत्तर देणारं माणूस मात्र आलं नाही. 2007 मध्ये आपल्याच विधानसभेत लैंगिक शिक्षणाविरुद्ध गदारोळ होऊन शाळांमधला तो कार्यक्रम बंद पडला होता. मला स्वतःला एकदा बोलावून विचारलं गेलंय की अभ्यासक्रमात नसलेलं कशाला सांगता. मी अजूनही सांगते.

आणि मालतीबाई. रघुनाथरावांच्या पत्नी. मूल नको हा निर्णय दोघांचा, केंद्राच्या कामात बरोबरीने त्या, घरातली चणचण सोसणाऱ्याही त्याच. 1944 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर 1953 पर्यंत, म्हणजे शेवटच्या आजारापर्यंत रघुनाथराव अंक काढत राहिले. 14 ऑक्टोबर 1953 ला ते गेले. वडील तेव्हा 95 वर्षांचे होते, हयात होते. पुढे वडिलांना भारतरत्न मिळालं. मला त्यात काही वावगं वाटत नाही, अण्णासाहेबांचं काम डोंगराएवढंच आहे. मुलाच्या वाट्याला मात्र दंडाच्या पावत्या आल्या.

1952 मध्ये सरकारने कुटुंबनियोजन अधिकृतपणे हाती घेतलं. साधनं घेतली, घोषणा घेतल्या, कर्व्यांचं नावही अधूनमधून घेतलं. बाईचं सुख आणि बाईची मर्जी तेवढी बाहेर राहिली. 1976 मध्ये आणीबाणीत आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. जबरदस्तीला ठाम विरोध करणाऱ्या माणसाला ज्या कार्यक्रमाचा जनक म्हणतात, त्याच कार्यक्रमाच्या नावाखाली हे झालं. आजही ऑपरेशन करून घ्यायची वेळ आली की टेबलावर झोपते ती बाईच. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असूनही तो विषय घरात कुणी काढत नाही.

तेव्हा येत्या जयंतीला हात जोडण्याऐवजी 'समाजस्वास्थ्य'मधलं एखादं प्रश्नोत्तर तुमच्या भिंतीवर टाका. त्यांचं लेखन पुन्हा छापलं गेलंय, वाचनालयात मागा. आणि नववी-दहावीतलं मूल घरात असेल तर ते वाचताना त्याला खोलीबाहेर पाठवू नका.