मध्ययुगीन इंग्लंडवर हमखास खपणारं पुस्तक कसं लिहावं

आधी त्या दप्तरखान्यांचा नाद सोडा. तिथली चर्मपत्रांची भेंडोळी लॅटिनमध्ये, तीही लघुरूपांनी खचाखच भरलेली. तुम्हाला ती लागेपर्यंत प्रकाशक दुसरा लेखक गाठेल.

सुरुवात 1066 पासून. त्याआधी इंग्लंडात माणसं राहत होती, ही बातमी वाचकापर्यंत पोचायची गरज नाही. हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडच्या हॅरल्ड राजाच्या डोळ्यात बाण घुसवा. ती लढाई चितारणाऱ्या बायोच्या भरतकामात तो बाण मुळात होता की नंतरच्या डागडुजीत आला, यावर विद्वान अजून भांडताहेत, भांडू देत. शेवट 1485ला. बॉसवर्थच्या लढाईत राजा तिसरा रिचर्ड पडला आणि दिवेलागणीच्या आत मध्ययुग आटोपलं.

मधली चारशे वर्षं राजांनी भरा. 1215मध्ये रनीमीडला जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा या राजसत्तेला लगाम घालणाऱ्या सनदेवर झोकात सही करून घ्या. प्रत्यक्षात सही नव्हती, मोहोर होती, आणि अडीच महिन्यांच्या आत पोपनं सनद रद्दही केली. पण असल्या तपशिलांनी प्रकरणाचा शेवट पडतो. थेम्समधले मासे धरायचे बांध काढून टाकण्याचं कलम तर मुळीच छापू नका. लोकशाहीच्या पहाटेला मासळीचा वास बरा नव्हे. दुसऱ्या एडवर्डला तापल्या सळईनंच मारा. ती सळई तो मेल्यावर काही वर्षांनी बखरींत शिरली, हे कोण बघतंय?

रयतेला दोन पानं पुरेत: आंघोळ करत नसे, कुजकं मांस मसाले चोळून खाई. ज्याला मिरी परवडायची त्याला ताजं मांस का परवडू नये, असं विचारणारा वाचक तसाही पुस्तक विकत घेत नाही, वाचनालयातून आणतो.

मॅनर कोर्टाच्या, म्हणजे जमीनदाराच्या गावातल्या न्यायसभेच्या, नोंदींपासून मात्र जपून. त्याच त्या बायका घरची एल बिअर विकल्याबद्दल काही पेन्स दंड भरतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा हजर; दंड कसला, परवान्याची फीच ती. 1349च्या प्लेगात तर कारकून ओळीनं लिहीत सुटतो: अमका मेला, त्याचं सर्वांत चांगलं जनावर जमीनदाराला. तमका मेला, त्याचंही. यात ना तलवार, ना राणी. मुखपृष्ठावर काय, गाय छापणार?

प्लेगसाठी चोचीचा मुखवटा घातलेला डॉक्टर छापा. मुखवटा सतराव्या शतकातला आहे, पण चित्र फुकट मिळतं.