बांधावरचा सौदा आणि बंदरावरचा कागद

दिवाळीत आठ दिवस गावी होतो, रावेर तालुक्यात. मामांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी एकच विषय निघायचा. मामेभाऊ बी.कॉम. झालाय, त्याला जर्मनीत इंटरनॅशनल लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट, म्हणजे देशोदेशी माल पोचवण्याचं काम, शिकायचंय. त्यासाठी दोन एकर विकायचं की बँकेचं कर्ज काढायचं? शेजारचे आबा शेवटी म्हणाले, "गाड्या भरणं शिकायला परदेशात जावं लागतं का रे भो?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तेच शिकून मी सहा वर्षं जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदराच्या गावी राहतोय. तिथं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे लिहितोय.

आबांचा मुद्दा खोटा नाही. रावेर-सावद्याच्या माणसाला गाडी भरायला कुणी शिकवायची गरज नाही. केळीने रेल्वेचे डबे भरून दिल्लीला पाठवण्यात इथल्या पिढ्या गेल्या. या अभ्यासक्रमात मला सापडलं ते वेगळंच. सौदा नेमका कुठे संपतो, हे तिथं कळलं.

पहिल्याच सत्रात इन्कोटर्म्स शिकवतात. आंतरराष्ट्रीय व्यापारात माल देण्याघेण्याच्या या ठरलेल्या अटी, २०२० च्या आवृत्तीत ११ आहेत. कुठपर्यंतचा खर्च कुणाचा आणि माल बिघडला तर कुठून पुढे नुकसान कुणाचं, हे त्यातल्या प्रत्येक अटीत बांधलेलं असतं. पहिली अट एक्स वर्क्स. विकणाऱ्याने आपल्या दारात माल ताब्यात दिला की त्याची जबाबदारी संपली. वर्गात हे ऐकताना मला आमचा बांध दिसत होता. आपली शिवार खरेदी ही हीच अट, पण अर्धीच. व्यापारी बागेतून घड उचलतो, पुढची वाहतूक त्याची, बाजार त्याचा, नफाही त्याचा. मात्र दिल्लीत भाव उतरला की फोन येतो आणि ठरलेल्या पैशातून कटती लागते. माल गेला तरी जोखीम शेतकऱ्याच्याच गळ्यात. असा एक फोन वडिलांनी घेतला ती रात्र मला आठवते. त्या वर्षी ताईचं लग्न पुढे ढकलावं लागलं होतं.

बोर्डभावापेक्षा, म्हणजे बाजार समितीने जाहीर केलेल्या भावापेक्षा, कमी भावाने खरेदी का होते, यावर आपल्याकडे दर हंगामात आंदोलन होतं. ते न्याय्यच आहे. पण त्या भांडणात लेखी कागद कधी निघत नाही. कटाईच्या दिवशी भाव किती, माल कुणी तपासला, ताबा कधी दिला, हे चार ओळींत लिहून सही घेणारा माणूस गावात असेल, तर निम्मी कटती तिथेच थांबेल असं मला मनापासून वाटतं. त्या चार ओळी कशा लिहायच्या, हे या विषयात शिकायला मिळतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. चाळीस फुटी रीफर, म्हणजे आतून थंड राहणाऱ्या, कंटेनरमध्ये साधारण २० टन केळी बसते आणि ती १३ ते १४ अंशांवर ठेवावी लागते. त्याखाली गेली की साल राखाडी पडते, मग पिकवली तरी धड पिवळी होत नाही. वर गेली तर वाटेतच पिकायला लागते, आणि एक फणी पिकली की तिच्यातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या फण्याही पिकवतो. मे महिन्यात रावेरला पारा ४५ अंशांवर जातो. घड कापल्यापासून प्रीकूलिंगपर्यंत, म्हणजे कंटेनरमध्ये भरण्याआधी माल थंड करेपर्यंत, किती तास गेले, यावर तो माल आखातात कसा उतरेल हे बरंचसं ठरून जातं. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा आमच्या ऑफिसात दहा-दहा दिवसांचा हिशेब नव्याने मांडावा लागला. आपल्याकडून दुबईला जाणारा माल तांबड्या समुद्रातून जात नाही, जेद्दाचा जातो. हा फरक आपल्या निर्यातदार शेतकऱ्याला आधी माहीत असायला हवा. जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकते, तरी जगाच्या बाजारात नाव इक्वेडोरचं. याचं मला रोज वाईट वाटतं, कारण जर्मनीतल्या दुकानात मी इक्वेडोरचीच पेटी पाहतो.

आता दोन एकरांचं. मामा, जमीन विकू नका. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, तेवढ्यावर कर्जाचा हप्ता निघत नाही. मला एका एजंटाने 'इंग्रजीवर भागतं' असं सांगितलं होतं. त्या एका वाक्यापायी माझे आठ महिने वाया गेले, कारण गोदामापासून कस्टम्सच्या कागदापर्यंत सगळं जर्मनमध्ये चालतं. भाषा बी-वन, म्हणजे मध्यम, पातळीपर्यंत घरीच शिकून निघावं, आणि महागड्या खाजगी कॉलेजसाठी तर कर्ज काढूच नये.

खरं तर हे शिक्षण जळगावला हवं. जर्मनीत आउसबिल्डुंग नावाची पद्धत आहे. मुलगा तीन वर्षं फॉरवर्डिंग, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या, कंपनीत पगारावर काम करतो आणि त्याच काळात शाळेतही जातो. आपल्याकडे बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे, भुसावळचं यार्ड आहे, केळी निवडून-बांधून पाठवणारी रावेर-यावलची पॅकहाऊस आहेत. हे सगळं एका दिवसात फिरून येण्याजोग्या अंतरात असताना, असा अभ्यासक्रम इथे उभा करा असा आग्रह पुढाऱ्यांकडे कुणी धरताना मी ऐकलेलं नाही. वडोदऱ्याचं गती शक्ती विद्यापीठ २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं, ते वाहतूक आणि लॉजिस्टिक्सवरच चालतं. सुरत मार्गाने तिथं जाणं आपल्याला अवघड नाही. मामेभावाने तोही अर्ज भरावा.

सध्या तो एका पॅकहाऊसमध्ये हंगामापुरता लागलाय. परवा रात्री त्याने कंटेनरमधल्या तापमान नोंदणी यंत्राच्या आलेखाचा फोटो पाठवला. पहाटे तीन ते पाच रेघ सतरा अंशांवर चढलेली. खाली विचारलं होतं, "दादा, या दोन तासांत गाडी कसाऱ्याच्या घाटात उभी होती म्हणे. नुकसान कुणाच्या नावावर लिहायचं?"