एक रोहित, आठ कॅमेरे

फोटोग्राफी एकट्याने करण्यात धोका आहे. एखाद्या वेळी स्वतःचा असा फोटो निघायचा. म्हणून आधी ग्रुप गाठा. ग्रुपला एक 'सर' लागतात. त्यांच्याकडे ६०० मिमीची लेन्स आणि बारा खिशांचं जाकीट असलं की जास्त चौकशी करू नये.

पहिलं आउटिंग भिगवण. दुसरंही भिगवण. पुण्याहून शंभरेक किलोमीटर. पहाटे चारला स्वारगेट ठरलं असेल तर पावणेपाचला निघाल. वाटेत चहाला थांबून कॅनन की निकॉन हा वाद काढा. उजाडलं तर उजाडू दे, सूर्योदय काय, रोजच असतो.

कुंभारगावात होडीत बसलात की सरांची लेन्स वळेल तिकडे वळा. उजनी धरणाच्या फुगवट्यात मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखल गाळणारे रोहित (म्हणजे फ्लेमिंगो) नुसते बघत बसू नका. चरणाऱ्या पक्ष्याला लाइक पडत नाहीत. नावाड्याला म्हणा, "दादा, अजून जवळ घ्या की."

तो बांबू रोवून थांबेल. "उडतील साहेब."

"मग? त्यासाठीच तर आलोय!"

रोहित अंगाने मोठा. पाण्यावर धावत वेग घेतल्याशिवाय त्याला उठता येत नाही. पोट भरणं सोडून त्याने केलेल्या या धावपळीला 'ॲक्शन शॉट' म्हणतात. सर कुजबुजतील, "१/२०००, एफ ८." लगेच लाह्या फुटाव्यात तसे आठ कॅमेरे तडतडतील.

(माझे एका सकाळी १,३०० फोटो निघाले. त्यातल्या चाळीसेकांत पुढे बसलेल्या काकांची टोपी धाग्यांसकट लख्ख आली आहे आणि तिच्यामागे गुलाबी धुकं. माझ्या सगळ्या संग्रहात दुसऱ्या कोणाकडे नसलेले फोटो तेवढेच. ग्रुपवर टाकायची छाती झाली नाही.)

कुरव (सीगल) लांब असतील तर शेव-गाठ्या उधळा, डोक्यावर घिरट्या घालतील. चोचीतला गाठ्या घरी आल्यावर पुसून टाका आणि खाली लिहा, 'निसर्गाच्या सान्निध्यात'. दुपारी चिलापी माशाचं ताट हाणताना 'आपण पक्षी वाचवले पाहिजेत' हा विषय घ्यावा, जेवण छान पचतं.

रात्री आठही जणांनी तोच रोहित, त्याच क्षणाचा, ग्रुपवर टाकायचा. सरांच्या फोटोला 'अप्रतिम सर, काय लाइट पकडलाय!' म्हणा. तोच लाइट तुमच्याही फोटोत आहे, पण तिथे 'थोडा क्रॉप करून बघा' एवढंच येईल. वॉटरमार्क मात्र पक्ष्याच्या पोटावरून जाईल इतका मोठा ठेवा, नाहीतर कोणाचा कुठला ते तुम्हालाच कळायचं नाही.

वर्षभरात कोणीतरी कोणाची तरी फ्रेम चोरल्याचा आरोप होईल. तेव्हा बाणेदारपणे ग्रुप सोडा, तिघांना फोडा आणि स्वतःच सर व्हा. नव्या ग्रुपचं पहिलं आउटिंग कुठे, ते सांगायला नकोच. फक्त नावाड्याला आधी फोन करा. जानेवारीतल्या त्याच रविवारी जुन्या सरांनीही शेजारचीच होडी सांगून ठेवली असेल.